मुद्देमालास कोंब फुटला

मित्रांनो, मी एक जुना सरकारी पुरावा आहे.

पुरावा होण्याआधी मी आयरिस नावाच्या फुलझाडाचा गड्डा होतो, आणि त्यातून सुटल्यावर पुन्हा गड्डाच झालो. दिसायला मी आल्याच्या तुकड्यासारखा आहे. अंगावर वळ्या, पोटाखाली बारीक मुळ्या आणि डोक्यावर तलवारीच्या पात्यांसारखी चपटी पाने. आमच्या फुलाला सहा पाकळ्या असतात. तीन वर उभ्या, तीन खाली लोंबत्या, आणि लोंबत्या पाकळ्यांवर पिवळी केसाळ दाढी. फुलाला दाढी असावी की नसावी, हे मला कोणी विचारले नव्हते. रंग जांभळा. आयुष्यातले सगळे घोटाळे त्या रंगाने केले.

माझा जन्म काश्मीरचा. तिकडे आम्हाला कबरींवर लावतात. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. कबरीला रोज पाणी घालायला कोणी येत नाही आणि आम्हाला रोज पाणी चालत नाही, म्हणून ही जोडी जमली. एवढे एक वाक्य लक्षात ठेवा. ते समजायला सरकारला सात महिने लागले.

मारोती नावाचा एक जवान तिकडे नोकरीला होता. सुट्टीवर निघताना त्याने कबरस्तानाच्या राखणदाराला विचारून मला उचलले. तळ्याच्या काठावरची माझी एक पिवळी चुलतबहीणही उपटली. मग आम्हा दोघांना लोकरीच्या एकेका मोज्यात घालून ट्रंकेत टाकले. गाड्या बदलत बदलत आम्ही लातूरला उतरलो. वाटेत बहीण पाण्यासाठी तळमळत होती. मला बरे वाटत होते.

मारोतीची बहीण पंचफुला. तिला रेणापूरच्या बाजूला सावरटाकळी गावात दिले होते. तिचा नवरा लिंबाजी ग्रामपंचायतीचा वॉलमन होता, म्हणजे गावाच्या पाण्याच्या टाकीचा वॉल सोडणारा आणि बंद करणारा माणूस. वर आडवी मूठ असलेली एक लांब लोखंडी चावी तो खांद्यावर घेऊन हिंडे. कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी, हे त्या चावीने ठरे. टाकीच्या खांबांशी पंचायतीने दिलेली एक खोली होती, मागे दोन बाजा मावतील एवढे परसू. खोलीत लिंबाजी, पंचफुला आणि लिंबाजीची आई धुरपताबाई. दहा वर्षे लिंबाजी रोजंदारीवर होता. नोकरीत कायम करण्याचा कागद वरून निघाला आहे, असे त्याला दर दिवाळीला सांगण्यात येई.

पंचफुलाचे माहेर मुदखेडचे. त्या शिवारात हळद पिकते, आणि लग्नाआधी तिने बरीच हळद लावली आणि काढली होती. मला तळहातावर घेऊन ती म्हणाली, "ही तर हळदच की रे."

"मिलिट्रीची हाय," मारोती म्हणाला.

"मिलिट्रीची आसंल, पर हळदीच्याच जातीची."

आणि तिने मला हळदीसारखे लावले. वीतभर खोल खड्डा, वर मातीची भर, शेणखत, आणि तिसऱ्या दिवशी पाणी. शेजारी पिवळी बहीण. तिसरी होती ठिपकी, केशरी अंगावर लाल ठिपके असलेली. तिला पंचफुलाने वडिलांच्या रेल्वे क्वार्टरमधून आणले होते. आम्ही तिघे एका कुळाचे, पण स्वभाव वेगळे. पिवळीला पाय कायम चिखलात लागत. ठिपकी कशालाच नाही म्हणत नसे. मला पाठीवर ऊन आणि पायाखाली कोरडी जमीन लागे. पंचफुलाने तिघांवर सारखी माया केली. सारख्या मायेने पिवळी फोफावली, ठिपकी फुलली आणि मी कुजू लागलो. मला मलूल पाहून ती पाणी वाढवी. पाणी वाढले की मी अधिक मलूल होई. अशी तीन वर्षे गेली.

"तीन वर्सं झाली," धुरपताबाई म्हणत, "तुज्या भावाचा गड्डा काय फुलंना. मिलिट्रीतला हाय न्हवं, बसून खायची सवय."

"माजा भाऊ बसून न्हाई खात, आत्याबाई. बर्फात उभा ऱ्हातो."

"मंग गड्ड्याला बी उभा ऱ्हायला सांग."

मला उभे करण्याचे काम शेवटी एका कोंबडीने केले. धुरपताबाईंची तांबडी कोंबडी किडे शोधत आली, आणि तिने माझ्या पाठीवरची सगळी माती पायांनी उकरून टाकली. मी उघडा पडलो. पंचफुलाने तिला चपलेने हाणले आणि मला झाकायला ती वाकली, तेवढ्यात दारातून कोणीतरी पाण्याची पाळी विचारायला आले. ती गेली, आणि मला झाकायचे राहून गेले. थंडीभर मी पाठ उघडी टाकून पडून राहिलो. उन्हाने पाठ शेकली, मुळ्या सुकल्या, आणि फाल्गुनात मी फुललो. एकच फूल, पण दाढीसकट.

पंचफुला बराच वेळ उकिडवी बसून माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने कोंबडीकडे पाहिले. त्या दिवसापासून तिने कोंबडीला चप्पल मारली नाही. माणूस शिकले, याची याहून मोठी खूण मला माहीत नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी तिने आमची फेररचना केली. पिवळीला न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडे तिथे बसवले. ठिपकीला भांडी घासायच्या जागेजवळ. टाकी बांधताना उरलेला चुना-खडीचा ढीग खांबाशी पडला होता. तिथे काहीच उगवत नसे. मला त्यावर ठेवले, निम्मी पाठ उघडी, आणि वर पाणी घालायचे नाही असा घरात हुकूम झाला. मला यापेक्षा चांगली जागा आजवर कोणी दिलेली नाही. काश्मीरच्या कबरीनेसुद्धा नाही.

मग दुष्काळ आला.

पहिल्या वर्षी पाऊस कमी पडला. दुसऱ्या वर्षी तो गावावरून पुढे गेला. विहिरीने तळ दाखवला, टाकी टँकरवर आली, आणि लिंबाजीची चावी रोजच्याऐवजी चौथ्या दिवशी फिरू लागली. घरटी दोन घागरी. लोक रांगेत घागरी ठेवून सावलीला बसत. भांडण झाले तर घागरींच्या नावाने होई. आंघोळी आटल्या तशी न्हाणी वाळली आणि पिवळी गेली. ती गेली त्या दिवशी पंचफुलाने तिची वाळकी पाने दावे वळायला घेतली, वाया काही गेले नाही. भांडी राखेने घासून फडक्याने पुसू लागले तशी ठिपकीने पाने टाकली आणि ती जमिनीखाली निघून गेली.

मी मात्र फुललो. असा कोरडा हिवाळा मला उभ्या जन्मात मिळाला नव्हता. एकदम सात फुले आली. टाकीच्या पांढऱ्या खांबाशी ती जांभळी फुले रस्त्यावरून दिसत, आणि रस्त्यात घागरींची रांग होती.

रांगेत केवळाबाई उभी होती. तिचे यजमान शेषेराव गावातले बरे कास्तकार.

"आमाला दोन घागरी," केवळाबाई म्हणाली, "आन् फुलाला किती, कुणाला ठाव."

"एक थेंब न्हाई, बाई," पंचफुला म्हणाली.

"हाव, थेंब न्हाई. घागरच आसंल."

रांग हसली. बऱ्याच दिवसांनी रांग कशाला तरी हसली होती, म्हणून ते वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर गेले. दुसऱ्या दिवशी शेषेरावांनी अर्ज लिहिला. "सदर इसम वॉल सोडण्याच्या जागेवर असून त्याच्या घरामागे ऐन टंचाईत फुले फुलली आहेत." अर्जात दुसरे काही नव्हते. दुसरे काही लागतही नव्हते.

शेषेरावांचा मी राग धरत नाही. त्यांची म्हैस दावणीला बसली ती उठली नव्हती. त्यांचा भाचा व्यंकट हाही बरीच वर्षे बसून होता. या दोघांपैकी अर्ज कोणामुळे लिहिला गेला, ते मी ठरवू शकलो नाही.

आठ दिवसांनी जीप आली. गाव तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते, त्यामुळे साहेब तिकडून आले. खात्याचे नाव मी सांगणार नाही. मी पुरावा आहे, चुगलखोर नाही. साहेबांनी फुले मोजली, टेपने माझी उंची घेतली आणि पंचफुलाला विचारले, "बाई, ह्याला पाणी किती घालता?"

"न्हाई घालत."

"मग फुललं कसं?"

"न्हाई घालत म्हणूनच."

साहेबांनी लिहिले, "उत्तर उडवाउडवीचे." मग मातीत बोट घालून पाहिले. बोट कोरडे निघाले. त्यांनी लिहिले, "जमीन वरून कोरडी. आतून संशयास्पद."

पंचफुला म्हणाली, "साहेब, तीन वर्सं पानी घातलं तवा सडत होतं. कोंबडीनं उकरलं तवा फुललं. कोंबडीला इचारा."

जीपमागोमाग आलेले शेषेराव हसले. साहेबांनी विचारले, "कोंबडी हजर आहे का?" कोंबडी टंचाईच्या पहिल्याच उन्हाळ्यात पाहुण्यांच्या ताटात गेली होती. साक्षीदार उपलब्ध नाही, असे झाले.

कोपऱ्यात बसलेल्या धुरपताबाई तेवढ्यात हात टेकून उठू लागल्या. "साहेब, म्या सांगते, रोज सकाळी म्या..."

पंचफुलाने तंबाखूची चंची त्यांच्या हातात दिली. "आत्याबाई, बसा. आदी पान-तंबाखू खावा." त्या बसल्या. म्हातारीचा जबाब कोणी घेतला नाही.

मग मला जप्त करण्यात आले. पाकिटात मावेना, म्हणून साहेबांच्या शिपायाने माझी पाने वीतभर ठेवून वरून कापली आणि मुळ्यांची माती झटकली. आयरिस दुसरीकडे न्यायचा असेल तर अगदी असेच करायचे असते. आयुष्यात दोनदा माझी शास्त्रशुद्ध मशागत झाली, एकदा कोंबडीकडून आणि एकदा सरकारकडून. दोघांनाही ते ठाऊक नव्हते. खाकी पाकिटावर लाख लागली. वर लिहिले, "मुद्देमाल. जांभळे फुलझाड, टवटवीत, गड्ड्यासह, नग एक." पंचांच्या सह्या होईपर्यंत फुले कोमेजली होती. कागदावर ती टवटवीत राहिली.

लिंबाजीने चावी काढून पंचायतीच्या टेबलावर ठेवली. त्या दहा वर्षांत ती त्याच्या खांद्यावरून उतरून टेबलावर पहिल्यांदाच आली. चौकशी संपेपर्यंत व्यंकटने वॉल बघावा असे ठरले. खोली चौकशी संपेपर्यंत ठेवा, असे लिंबाजीला सांगितले गेले. कायम करण्याचा कागद त्याच आठवड्यात आला, आणि चौकशी चालू असल्यामुळे आल्या पाकिटात परत गेला.

पाकिटात अंधार होता, कोरडे होते. मी झोपलो.

यापुढचे काही मला फायलीच्या पोटात ऐकू आले आणि काही नंतर पंचफुलाकडून कळले. लिंबाजी आणि पंचफुला रोजगार हमीवर पाझर तलावाच्या कामाला जाऊ लागली. तो दगड फोडी, ती पाट्या वाही. व्यंकटने पहिल्याच आठवड्यात चावी उलटी फिरवली, आणि आख्खा टँकर नुसत्या खालच्या आळीला गेला. लोक म्हणाले, नवा आहे, शिकेल. लिंबाजीने ते ऐकले आणि हातातल्या दगडाकडे पाहून पुढचा घाव घातला. त्याला कोणाला तरी सांगायचे होते की वॉल आधी पाव फेरा उघडून हवा जाऊ द्यायची असते. पण चौकशीखालच्या माणसाने वॉलविषयी बोलणे बरे दिसत नाही.

त्याच सालात, ब्याऐंशीच्या ऑगस्टात, लातूरचा वेगळा जिल्हा झाला. लोकांना आनंद झाला, आणि तो खरा होता. जिल्ह्याची गावे वाटली गेली तशा फायलीही वाटल्या गेल्या. कपाटे, टेबले, पंखे आणि मी एका ट्रकमध्ये बसून नव्या जिल्ह्याला आलो. चुलतबहिणीबरोबरचा प्रवास मला आठवला. या वेळी सोबत पाण्याच्याच फायली होत्या, पण तळमळ कोणालाच नव्हती.

कपाटे आली, किल्ल्या मागे राहिल्या.

लिंबाजी आधी उस्मानाबादला गेला. तिथे म्हणाले, तुमचे गाव आता आमच्याकडे नाही. मग तो लातूरला गेला. तिथे म्हणाले, गाव आलंय, फाईल यायची आहे. असे तीनदा झाले. तिसऱ्यांदा घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला.

"गाव लातुरात हाय," तो म्हणाला, "फाईल कुठं हाय ठाव न्हाई. मी कुठं हाव ते कुणालाच ठाव न्हाई."

"हितं बसलाव की," पंचफुला म्हणाली. "जेवा."

दसऱ्याच्या आधी कपाटांच्या किल्ल्या आल्या. ते कपाट उघडले मन्मथ नावाच्या कारकुनाने. हा उदगीरहून बदलून आलेला, कपाळावर विभूती, टेबलावर कागद काटकोनात. कपाट उघडताच त्याला दिसले की एका फायलीच्या पाकिटाची लाख फुटली आहे आणि फटीतून एक हिरवे पाते बाहेर आले आहे. मी जागा झालो होतो. हवेत गारवा आला की मी जागा होतो. त्याला पाणी लागत नाही, आणि हुकूमही लागत नाही.

मन्मथने मला हात लावला नाही. खुर्चीवर बसून त्याने टिपण लिहिले, "मुद्देमालास कोंब फुटला आहे. मार्गदर्शन व्हावे."

टिपण वर गेले. नव्या साहेबांचा शेरा आला, "कोंब कोणाच्या आदेशाने फुटला?"

मन्मथने उत्तर लिहिले, "आदेश फायलीत आढळत नाही."

अशा रीतीने सात महिने न सापडलेली फाईल सापडली, आणि दिवाळीआधी सुनावणी लागली. लिंबाजी धुतलेले धोतर नेसून आला. पंचफुला पाझर तलावावरून तशीच आली होती, पायांवर चुनखडीची धूळ. शेषेराव तक्रारदार म्हणून खुर्चीवर बसले. मी टेबलाच्या मधोमध एका बशीत होतो. सगळे माझ्याकडे पाहत होते. फूल असतानाही इतकी माणसे इतका वेळ माझ्याकडे पाहत बसली नव्हती.

साहेबांनी फाईल वाचली. "इथं लिहिलंय, पाणी घालत नाही म्हणून फुललं. म्हणजे काय, बाई?"

पंचफुलाने पदर खोचला. "साहेब, हे तुमच्याकडं कवापासून हाय?"

"मार्चपासून."

"माजा मालक तवापासून तलावावर दगड फोडून राहिला. वॉलची चावी यंकटकडं हाय. मंग ह्याला पानी कोन घातलं?"

"कोणी घातलं नाही."

"मंग आलं कसं?"

हाच प्रश्न मागच्या साहेबांनी तिला विचारला होता, आणि तिचे उत्तर उडवाउडवीचे ठरले होते. नव्या साहेबांनी बशी थोडी फिरवून मला दुसऱ्या बाजूने पाहिले.

शेषेराव पुढे सरकले. "साहेब, कपाटात वल आसंल. पावसाळ्याचे दीस गेले."

"पाऊस कुठं पडला, दादा?" लिंबाजी म्हणाला. सुनावणीत तो एवढेच बोलला.

"थोडा पडला की. लोखंडी कपाटाला वल धरती. त्या वलीनं कोंब आला आसंल."

मित्रांनो, इथे माझ्या मालकाचे नशीब एका धाग्यावर आले. साहेबांच्या डोळ्यांत सुटका दिसू लागली. ओल असेल तर कोंबाचा उलगडा होतो. मग फूल पाण्यानेच येते, वॉलमननेच पाणी दिले, आणि फाईल बंद. त्यांनी पेन उचलले.

मन्मथ हळूच म्हणाला, "साहेब, ओल आहे असं लिहिता येईल. फक्त त्या कपाटात आणखी चारशे फायली आहेत. मग त्यांनाही ओल लागली असं लिहावं लागेल. आणि कपाटं कोरडी तपासून ताब्यात घेतली, त्या कागदावर सही आपली आहे."

पंखा फिरत होता. साहेबांनी पेन खाली ठेवले, टोपण लावले, टोपण काढले, आणि स्वच्छ आवाजात मजकूर सांगायला सुरुवात केली. "सदर कपाट पूर्णपणे कोरडे आहे. कोरडे होते. त्यात ओलीचा कसलाही अंश कधीही नव्हता. सबब मुद्देमालास फुटलेला कोंब हा पाण्याशिवाय फुटला आहे, हे निर्विवाद."

पुढचे आपोआप आले. पाण्याशिवाय कोंब फुटतो, तर पाण्याशिवाय फूलही येते. सबब वॉलमन निर्दोष. त्यास कामावर घ्यावे, आणि कायम करण्याचा परत गेलेला कागद पुन्हा मागवावा. शेषेरावांना खाली सही करायला सांगितली. त्यांनी सही केली आणि बशीकडे पाहत म्हणाले, "कोंबडीचं खरं हुतं म्हणायचं."

एक अडचण उरली. पंचफुलाने मला मागितले. निकाली फायलीतला मुद्देमाल कचेरीतून पूर्ण बाहेर देता येत नाही, असे निघाले. यावरही मन्मथने तोड काढली. माझे दोन भाग करावेत. मूळ प्रत बाईंना द्यावी, स्थळप्रत कचेरीत ठेवावी. त्याने टाचण्यांच्या डबीशेजारचा चाकू घेतला.

"तितून नगं," पंचफुला म्हणाली. "हितून कापा. दोनी तुकड्याला डोळा राहू द्या." मग ती म्हणाली, "चुना हाय का, अप्पा? कापल्या जागी लावा, सडत न्हाई."

मन्मथने पानाच्या डबीतला चुना बोटाने काढून माझ्या जखमेवर लावला, आधी स्थळप्रतीला, मग मूळ प्रतीला. नियमाप्रमाणे.

स्थळप्रत कचेरीच्या व्हरांड्यात नव्या कुंडीत लावण्यात आली. धोंडप्पा नावाचा शिपाई तिला रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घाली, कारण ती सरकारी होती. तिसऱ्या आठवड्यात मन्मथने टिपण ठेवले, "स्थळप्रत कुजली आहे. नष्ट करण्यास मंजुरी मिळावी." मंजुरी आली तोवर नष्ट करायला काही उरले नव्हते. माझी एवढीच भावंडहानी झाली. धोंडप्पाला बरेच दिवस वाईट वाटत होते. त्याने काहीच कमी केले नव्हते.

मी गावी आलो तो पंचफुलाच्या ओच्यात. तिने मला त्याच चुना-खडीच्या ढिगावर, त्याच खांबाशी, निम्मी पाठ उघडी ठेवून बसवले. दुसऱ्या दिवशी लिंबाजीला चावी परत मिळाली. त्याने ती खांद्यावर घेतली, वॉलपाशी जाऊन पाव फेरा फिरवला आणि थांबला. नळातून आधी हवा आली. ती बराच वेळ शिट्टी वाजवत गेली. मग गढूळ पाणी आले, मग स्वच्छ. लिंबाजीने उरलेला फेरा पुरा केला, आणि पंचफुलाने केवळाबाईची घागर नळाखाली सरकवून दिली.

पुढच्या वर्षी शेषेराव आले. परसाच्या कुडाबाहेर उभे राहून म्हणाले, "पंचफुलाबाई, ते दाढीवालं एक द्या की. मळ्यात वडलाच्या समाधीच्या ओट्यापाशी लावावं म्हन्तो."

तिने माझ्या अंगचा एक तुकडा मोडून दिला. "पानी घालू नका, दादा."

त्यांनी हो म्हटले, आणि वडिलांच्या ओट्यापाशी लावलेल्या झाडाला पाणी घातले नाही तर लोक काय म्हणतील म्हणून रोज तांब्याभर घातले. तो सडला. ते पुन्हा आले. तिने पुन्हा दिला. असे तीनदा झाले, आणि ती तीनदा तेच वाक्य म्हणाली. चौथा तुकडा लावला त्या वर्षी शेषेरावांचा गुडघा धरला आणि त्यांना मळ्यात जाता आले नाही. तो अजून आहे. दरवर्षी फुलतो.

आता मी म्हातारा झालो आहे. टाकी रिकामी उभी आहे, पाणी दुसऱ्या योजनेतून येते, कधी येत नाही. मधे एका वर्षी लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाही मी फुललो होतो. पण माझ्याकडे पाहून कोणी अर्ज लिहिला नाही. पंचफुलाने येणाऱ्या-जाणाऱ्याला इतके तुकडे दिले आहेत की आता गावात प्रत्येकाच्या दारात एखादा संशयित आहे.

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी शेवटी हात जोडून म्हणायचे असते की आमची निगा राखा. मी जरा वेगळे मागतो. निगा राखण्याआधी विचारा. पिवळीला चिखल द्या, ठिपकीला जे उरेल ते द्या, आणि मला माझ्या उन्हात पडून राहू द्या. आणि दुष्काळात कोणाच्या दारी काही हिरवे दिसले, तर अर्ज लिहिण्याआधी मातीत बोट घालून पाहा. बोट कोरडे निघाले तर तसेच लिहा.

एक गोष्ट तेवढी पंचनाम्यात नाही. त्या दुष्काळात धुरपताबाई रोज सकाळी तंबाखू खाऊन झाली की खांबाला हात टेकून चूळ भरत आणि ती माझ्यावर टाकत. घोटभर पाणी, तेही तोंडातून फिरून आलेले. हेच त्या साहेबांना सांगायला उठल्या होत्या. म्हणजे काटेकोर बोलायचे तर मला पाणी मिळत होते. मला कोणी विचारले असते, तर मी सांगितले असते.

त्या गेल्या त्याच्या पुढच्या फाल्गुनातही मी फुललो. फुले सातच आली. तेव्हा त्या चुळीने काही फरक पडत नव्हता, हे निर्विवाद आहे. फक्त सकाळी ऊन खांबावर आले की माझे एक पान अजून त्या उभ्या राहत त्या बाजूला कलते. ते कोणाच्या आदेशाने कलते, हे फायलीत आढळत नाही.